ठकुबाईचा गोल

"बाई, ह्याच्यात माजा गोल कुटं हाय?"

लोडशेडिंग नसतं तर हा प्रश्न फार कुणाला ऐकूही गेला नसता. कॉलेजच्या मागच्या गल्लीतले कापड विणायचे लूम सुरू असले की दुसऱ्या मजल्यावरच्या बायॉलॉजी लॅबमध्ये शेजारच्याशीसुद्धा आवाज चढवूनच बोलावं लागायचं. सरला एकवीस वर्षं तशीच शिकवत आली होती, आणि त्यापायी तिचा घरातला आवाजही कायमचा चढलेला राहिला, असं तिचा नवरा प्रभाकर गमतीने म्हणायचा. पण पालक मेळाव्याच्या त्या शनिवारी सव्वाअकराला वीज गेली, खालची खडखड एकदम थांबली आणि त्या शांततेत हा प्रश्न लॅबभर पसरला. सरलाने मान वळवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी बांधून तिच्यावर कपड्याच्या चिमट्यांनी बेचाळीस चार्ट टांगले होते. बारावीच्या मुलामुलींनी आपापल्या घरातल्या तीन पिढ्या मांडायच्या, असा तिचा प्रकल्प होता: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, दोघांमधली आडवी रेघ म्हणजे लग्न, तिच्यातून खाली उतरलेली उभी रेघ म्हणजे मूल, आणि प्रत्येकाखाली रक्तगट, माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. प्राचार्य मघाशीच येऊन "वा, मॅडम, पेडिग्री म्हणजे आपला कुळवृत्तांतच की" असं म्हणून गेले होते आणि सरला स्वतःवर खूश होती. सातव्या चार्टसमोर पन्नाशीची एक बाई उभी होती. हिरवंगार लुगडं, गळ्यात मेळाव्यासाठी मुद्दाम घातलेलं सोनं, पायात चपला नव्हत्या. त्या तिने बाहेर दारातच काढून ठेवल्या असाव्यात. तिच्या शेजारी विनिता होती, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, कोन गावातून रोज येणारी. ती खाली बघत होती. ही बाई कोण असेल हे सरलाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पोरीनं घरी दाखवला व्हता मना," ठकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, हरवलेली वस्तू शोधताना माणूस बोलतं तशी ती बोलत होती. "चौकोन बाप्यांचं, गोल बायांचं. ह्यो सासऱ्यांचा चौकोन, ही सासू. ह्यो राघो भावजी, ही माजी जाव पुतळा. ह्या पोरी. अन ह्यो आमचे मालक, महादू. मंग मालकांच्या बाजूला मी व्हते. तवा व्हते, आता न्हाय. अन ह्यांच्या पायाखाली ह्यो डांडा कसला वो मारलाय?"

तो डांडा म्हणजे चौकोनाखाली काढलेली एक छोटी उभी रेघ आणि तिचा रस्ता अडवणाऱ्या दोन आडव्या रेघा. त्याचा अर्थ इथे वंश थांबला, मूल नाही. ते चिन्ह विनिताला सरलानेच सांगितलं होतं, स्वतःच्या पेन्सिलीने कोपऱ्यात काढून दाखवलं होतं. आता त्याचा अर्थ त्या बाईच्या तोंडावर सांगायचा म्हणजे सरलाच्या अगदी जिवावर आलं. "ते... ते एक चिन्ह असतं," ती म्हणाली. एकवीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून जिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. लॅबच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, सरलाची मुलगी आसावरी, तीही याच वर्गातली, पालकांना सरबताचे पेले देत होती. तिचा हात थांबला होता. ती इकडेच बघत होती, आणि महिन्याभरापूर्वी वर्गात बघत होती अगदी तशीच बघत होती.

महिन्याभरापूर्वी विनिताने पहिला चार्ट आणला तेव्हा त्यात तिच्या स्वतःच्या गोलातून वर दोन रेघा गेल्या होत्या. एक राघो आणि पुतळाबाईकडे, दुसरी महादू आणि ठकुबाईकडे. दोन्ही सारख्याच जाड, सारख्याच सरळ, पट्टी लावून काढलेल्या. सरलाने तो कागद उचलून वर्गाला दाखवला. तिला ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येत होतं, आणि आपलाच आवाज इतका गोड, इतका खेळकर कसा लागला असेल याचं नवल वाटत होतं. "बघा, आपल्या वर्गात एक मुलगी अशी आहे जिला चार आईबाप आहेत. आपण बिचारे दोघांवरच भागवतो." वर्ग हसला. हसणारच. वर्गाला हसवणं हे तिचं जुनं कसब होतं. विनिता उभी राहिली. तिने घाबरून किंवा लाजून काही सांगितलं नाही, तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. "मॅडम, मोठ्या काकांना मूल नव्हतं. मी झाले तेव्हा बारशालाच काकीने मला मोठीच्या ओटीत घातली. सगळ्या गावासमोर. मी मोठीलाच आय म्हणते आणि जन्म दिला तिला काकी. घर एकच आहे, चुली दोन." तिने 'काकी' आणि 'आय' हे शब्द इतके सहज उलटे वापरले की पहिल्या बाकावरच्या दोघींना समजायला क्षणभर लागलं. सरला म्हणाली, "घरी कुणाला काय म्हणतेस ते मराठीच्या तासाला लिही. इथे रक्ताचं चालतं. जन्म देणारी एकच असते. खोड ते." आणि टेबलावरचं स्वतःचं खोडरबर तिने पुढे केलं. विनिताने खोडलं. कागद जाड होता, रेघ पूर्ण गेली नाही, मग सरलाने नवा कागद दिला आणि म्हणाली, "काकांची बायको नाही दाखवली तरी चालेल. मूल नसलं की त्या जोडीचं पुढे काही नसतं." तिसऱ्या बाकावर आसावरी हसली नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि सरलाने दुसरीकडे बघितलं.

तिला तेव्हाच माहीत होतं की आपण खोटं बोललो. कुणी अडाणी माणूस बोललं असतं तर वेगळं. पण चार वर्षांपूर्वी ती मुंबईला उजळणी वर्गाला गेली होती तेव्हा तिथे एक छापील पत्रक वाटलं होतं, आणि त्यात पेडिग्री चार्टची नवी चिन्हं होती. दत्तक मूल असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घालायचे. जन्म देणाऱ्यांकडे सरळ रेघ, वाढवणाऱ्यांकडे तुटक रेघ. दोघंही दाखवायचे. म्हणजे विनिताने केलं होतं ते जवळजवळ बरोबर होतं, एक रेघ तुटक करायची तेवढी राहिली होती. ते पत्रक सरलाने घरी आणून कपाटातल्या साड्यांच्या खाली घातलं. फायलीत सुद्धा ठेवलं नाही. वर्गात ती चिन्हं शिकवली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, 'मॅडम, असं खरंच कुणाच्या घरी असतं का?' आणि तिला त्या प्रश्नासमोर चेहरा सरळ ठेवता आला असता की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून एका पानाचं शास्त्र साड्यांखाली गेलं, आणि त्याच्या जागी 'रक्ताचं चालतं' हे वाक्य आलं. ते तर तिच्या सासूबाईंचं वाक्य होतं, शास्त्राचं नव्हतंच.

सतरा वर्षांपूर्वी तिने आळीला आपण पोटुशी आहोत असं सांगितलं होतं. आधी तोंडाने सांगितलंही नव्हतं, नुसता लोकांचा तसा समज होऊ दिला होता. लग्नाला आठ वर्षं झालेली, दर संक्रांतीला वाण देताना बायका तिच्या पोटाकडे बघायच्या. मग मूल दत्तक देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेत त्यांचं नाव लागलं आणि प्रभाकर म्हणाला, "लोकांच्या तोंडाला कोण लागणार? तू सहा महिने माहेरी जा." ती गेली. बिनपगारी रजा टाकून, सैल गाऊन शिवून, फोटो न काढता. परत आली ती दीड महिन्याच्या आसावरीला घेऊन, डोक्याला रुमाल बांधून, कानात कापूस घालून. आळीतल्या बायका बाळंतविडा घेऊन आल्या. झबली, टोपरी, दुपटं, आणि पितळेच्या डब्यात डिंकाचे लाडू. तिने ते लाडू खाल्ले. हे तिला सगळ्यात जास्त सलायचं, का कोण जाणे, खोटा रुमाल नाही, खोटी रजा नाही, ते लाडू. बाळंतिणीने खायचे लाडू तिने रोज सकाळी एक असे एकवीस दिवस खाल्ले, आणि शेजारची एक म्हातारी समोर बसून, "कंबर धरून येते का गं?" विचारायची तेव्हा ती "येते ना" म्हणायची. पुढे तर तिला कंबर खरंच दुखते असं वाटायला लागलं. बाई स्वतःला किती फसवू शकते याला काही मोजमाप नसतं. आसावरी दहा वर्षांची झाली तेव्हा प्रभाकरच्या आग्रहावरून त्यांनी तिला खरं सांगितलं, स्वयंपाकघरात, कढी उकळत असताना. मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "इथल्या आजीला माहीत आहे?" सरला म्हणाली, "नाही. आणि कुणालाच सांगायचं नाही हं, राणी. हे या घरात आपलं तिघांचं." ते 'हं, राणी' तिला आता आठवलं की अंगावर काटा यायचा. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवलं आणि वर लाडाने गाल ओढला. आसावरीच्या तेराव्या वर्षी आजी गेली. ती जाण्याआधी महिनाभर आसावरी तिच्या उशाशी बसून असायची, आणि सरला दारात उभी राहून ऐकायची की पोर काही बोलते का. पोर कधीच काही बोलली नाही.

आणि मग रक्तगटाचं प्रॅक्टिकल. दिवाळीनंतरचा आठवडा. पांढऱ्या टाइलवर बोटाचे थेंब घ्यायचे, एकात अँटी-ए, एकात अँटी-बी, काडीने ढवळायचं. सरला ओ, प्रभाकर ओ. ओ आणि ओ यांच्या पोटी ओच येणार, हे ती दर वर्षी उदाहरण म्हणून स्वतःच्या घरचं सांगायची, अगदी फुशारकीने. लॅब असिस्टंट तुळशीराम बाटल्या फिरवत होता. आसावरीची पाळी आली. तिने बोट टोचलं, कसलाही आवाज न करता. दुसऱ्या थेंबात काडी फिरवल्यावर रक्त नासलेल्या दुधासारखं फुटायला लागलं, बारीक बारीक कण वेगळे झाले. बी. सरलाने ते बघितलं. शेजारी विनिता होती, वाकून बघायच्या बेतात. सरलाने स्पिरिटचा बोळा घेतला आणि टाइल पुसून टाकली. "नीट ढवळलं नाहीस. सीरम जुनं झालंय. जाऊ दे, नंतर बघू." आसावरीच्या बोटावर रक्ताचा थेंब अजून होता. तिने तो चोखला, आणि जागेवर जाऊन बसली. नंतर कधी बघितलं नाही. त्या दिवशी घरी तिघं जेवली, आणि बोलणं झालं ते प्रभाकरला पालेभाजीत जास्त लागलेल्या मिठाचं.

पंधरा दिवसांनी आसावरीचा चार्ट आला. सुरेख अक्षर, रेघा अशा की छापल्या असाव्यात. वर आजीआजोबा दोन्हीकडचे, मधे प्रभाकरचा चौकोन आणि सरलाचा गोल, त्यातून सरळ जाड रेघ खाली, आणि खाली एकच गोल: आसावरी. त्याखाली रक्तगट: ओ. सरलाने तो चार्ट तपासला तेव्हा स्टाफरूममध्ये ती एकटीच होती. मुलीने स्वतःचं रक्त बदलून लिहिलं होतं. आईच्या गणितात बसावं म्हणून. सरलाने तो चार्ट मांडीवर ठेवला, मग लाल पेन घेऊन दहापैकी दहा दिले, आणि खाली 'उत्तम' लिहून सही केली. बाकी कुणालाही तिने नऊच्या वर दिले नव्हते. विनिताच्या दुसऱ्या, सुधारलेल्या चार्टाला तिने आठ दिले होते, कारण खोडलेल्या रेघेचा व्रण कागदावर नको म्हणून दिलेल्या नव्या कागदालाही तिने कुठेतरी डाग पाडला होता.

"बाई?"

ठकुबाई अजून तिच्याकडे बघत होती. किती वेळ गेला होता सरलाला कळलं नाही, बहुधा दोनचार क्षणच गेले असतील, कारण सरबताचा पेला आसावरीच्या हातातच होता. सरला म्हणाली, "ते चिन्ह म्हणजे... त्या माणसाला मूल नाही, असं." आणि लगेच, घाईने, "म्हणजे शास्त्राच्या भाषेत. रक्ताचं नातं तेवढंच दाखवतात ना यात, म्हणून."

ठकुबाईने मान हलवली. तिला राग आला असता, तिने चार शब्द सुनावले असते, तर सरलाला बरं वाटलं असतं. सरला भांडणाला तयार होती, भांडणात तिचा हात कुणी धरला नसता. पण ठकुबाई हसली, थोडी ओशाळून, जणू तीच कुठे चुकीच्या घरात शिरली होती. "असा व्हय. शास्तरात न्हाय तं न्हाय. मना काय कलतंय त्यातला. आमी जेवान घातला, न्हानी केली, ह्या कुटं कागदावर येतंय." मग विनिताकडे वळून, हळूच, "अगो, रडतेस कशाला? मी काय मेली हाय का? गोल न्हाय तर न्हाय." आणि आजूबाजूच्या पालकांना, जे आता उघडच ऐकत होते, तिने आपणहून समजावून सांगितलं, "बाईंचा काय चुकला न्हाय वो. शास्तर तसा हाय." ती सरलाला सांभाळून घेत होती. आपल्या नवऱ्याच्या पायाखाली दोन रेघा मारणाऱ्या बाईला चार लोकांत खाली बघायला लागू नये म्हणून ती झटत होती. सरला मेल्याहून मेल्यासारखी झाली. त्या क्षणी तिला स्पष्ट दिसलं की त्या दिवशी वर्गात तिला कसला राग आला होता. कोनच्या एका पोरीने भर वर्गात, मान वर करून, ओटीत घातल्याचं सांगितलं होतं, गावासमोर, बारशाला, नारळ देऊन. जे सरलाने रुमालाखाली, गाऊनाखाली, साड्यांखाली सतरा वर्षं दाबलं, ते या लोकांनी अंगणात मांडव घालून केलं होतं. तिला हेवा वाटला होता. हेवाच तो, आणि त्याला तिने शास्त्र म्हटलं.

"चुकलं," सरला म्हणाली. "ठकुबाई, माझं चुकलं. विनिताने पहिल्यांदा काढलं होतं ते बरोबर होतं. शास्त्रातही आहे तसं. मला माहीत होतं." टेबलावरून तिने काळं स्केचपेन उचललं. महादूच्या चौकोनाखालचा डांडा गिरवून काळा करून टाकला, शेजारी एक गोल काढला. तो गोल जरा वाकडाच झाला. त्यात नाव लिहिलं. मग दोघांमधून विनिताकडे रेघ काढायला घेतली, पत्रकात होती तशी, तुटक तुटक. ठकुबाई वाकून बघत होती. वाचता येत नसलं तरी रेघ तिला वाचता येत होती.

"ही तुटलेली कशाला?"

"तशी पद्धत आहे," सरला म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. विनिताने डोळे पुसले, तिच्या हातातून अलगद पेन घेतलं आणि तुटक रेघेच्या सगळ्या फटी एक एक करून भरून काढल्या. सरला बाजूला झाली. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि इतर कुणी वाजवेना म्हणून थांबवली.

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण शरमेचंही एक विचित्र असतं, एकदा बांध फुटला की माणसाला वाटतं आता सगळंच वाहून जाऊ दे, आपण स्वच्छ होऊ. सरला विनिताच्या हातातून पेन घेऊन तशीच सुतळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आसावरीचा चार्ट शेवटून तिसरा होता. तिने 'ओ' खोडला आणि शेजारी ठसठशीत 'बी' लिहिला. विनिता मागे मागे आली होती. ती हुशार मुलगी, तिच्या नजरेतून काही सुटणार नव्हतं. "मॅडम," ती बिचकत म्हणाली, "ओ आणि ओ ला बी कसा येईल? तुम्हीच शिकवलंत, असं होतच नाही."

"होत नाही," सरला म्हणाली. आळीतल्या दोन बायका दारापाशी होत्या, एकीच्या सासूने ते डिंकाचे लाडू आणले होते. प्राचार्य परत आले होते. तुळशीराम मेणबत्ती लावावी का म्हणून विचारायला आला होता, तो तसाच उभा राहिला. सरला सगळ्यांना ऐकू जाईल अशा, लूम सुरू असतानाच्या आवाजात म्हणाली, "आसावरीला मी जन्म दिलेला नाही. आम्ही तिला आणलं. पुण्याहून, दीड महिन्याची असताना. हे मी आजपर्यंत इथे कुणाला सांगितलं नव्हतं." बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. खरोखर हलकं वाटलं, छातीवरची धोंड उतरल्यासारखं, आणि तिने कौतुकाच्या, जवळजवळ आभाराच्या अपेक्षेने खिडकीकडे पाहिलं.

आसावरीने पेल्यांचा ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ती चालत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईच्या अगदी जवळ येऊन ती हळू बोलली, पण वीज नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला विचारायचं तरी होतंस."

सरला पेनाचं टोपण शोधायला लागली.

"सात वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. आजीला सांगावंसं वाटायचं, नाही सांगितलं. का, तर तू म्हणालीस. आता तुला सांगावंसं वाटलं, तू सांगून टाकलंस. चार्ट माझा आहे ना, आई?"

सरलाला ते हलकेपण आठवलं, अजून मिनिटही झालं नव्हतं, आणि ते आठवून तिला लाडवांहूनही जास्त लाज वाटली. आज सकाळपासून तिने दोन मुलींच्या चार्टांवर पेन चालवलं होतं आणि दोन्ही वेळा, ते कुणाचे आहेत हे विसरून. तिने पेन पुढे केलं, महिन्यापूर्वी खोडरबर केलं होतं तसं नाही, देता येण्यासारखं दुसरं काही हातात नव्हतं म्हणून. आसावरीने ते घेतलं. ती चार्टाकडे वळली. मग सरलाच्या गोलाच्या डावीकडे, जिथे कागद कोरा होता तिथे, तिने एक चौकोन काढला आणि एक गोल. दोन्ही रिकामे. त्यांच्यापासून आपल्यापर्यंत एक रेघ आणली.

"अगं, आम्ही आहोत की तिथे," सरलाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"हे तुम्ही नाही. बी कुणाकडून तरी आलाच असेल ना मला."

ठकुबाई जवळ आली होती. तिने तो रिकामा गोल पाहिला, आपला पाहिला होता तितक्याच लक्षपूर्वक. "ही कोन गो, पोरी?"

"मला जन्म दिला ती."

"जित्ती हाय?"

चार्टात मेलेल्या माणसावर तिरपी रेघ मारतात. आसावरीने पेन त्या गोलाच्या कडेला टेकवलं आणि मारायची की नाही ते कळावं म्हणून आईकडे पाहिलं. सरलाला संस्थेतली ती दुपार आठवली, टेबलापलीकडच्या बाईंनी फाइल उघडली होती आणि म्हटलं होतं, आईविषयी काही विचारायचं असेल तर विचारा, आणि प्रभाकरने तिच्याकडे पाहिलं होतं, आणि तिने घाईने मान हलवून दुपट्याची घडी सारखी केली होती. पुढे सतरा वर्षांत ती बाई तिला कधी आठवलीच, तर दारात येऊन उभी राहील या भीतीने आठवली. तिचंही पोट असेल, तिची कंबर खरोखर दुखली असेल, तिला लाडू कुणी दिले नसतील, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"आई, आहे का ती?"

"माहीत नाही," सरला म्हणाली. "मी विचारलंच नाही."